डेव्ह आला, त्याचा धडा नाही आला

मराठीत सध्या आठवणींचा मोसम आहे. नव्वदच्या दशकात शाळेत असलेला कुणीही लिहायला बसला की दूरदर्शनवरची रविवार सकाळ, पेनात अडकवून गुंडाळलेली कॅसेट आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला 'डेंजरस डेव्ह' या तीन गोष्टी ठरलेल्या. डेव्हच्या वाट्याला दोन ओळी येतात. किती मजा यायची, आणि सर आले की किती पटकन स्क्रीन बदलायचो. मग एक सुस्कारा आणि लेख संपतो.

माझं भांडण या सुस्काऱ्याशी आहे. डेव्हकडे गोड आठवण म्हणून बघणाऱ्यांना त्याची अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी कळली की सुस्कारा नाही, राग येतो. आणि तो राग फक्त आमच्या पिढीने करावा असाही नाही, कारण आमच्या वेळी जे झालं तेच आज तुमच्या हातातल्या फोनवर रोज होतंय.

२००० नंतर जन्मलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डेव्ह हा एक टोपीवाला ठिपक्याठिपक्यांचा माणूस. विटांच्या फळ्यांवरून उड्या मारायच्या, हिरे गोळा करायचे, आग आणि पाणी टाळायचं, सोन्याचा कप मिळवायचा. कप मिळाला की स्क्रीनवर खाली अक्षरं उमटायची, 'दारातून जा'. अशा दहा पातळ्या. या जातीच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. मनमाडच्या माणसाला प्लॅटफॉर्म म्हटलं की वेगळंच काही आठवेल, पण कल्पना फार लांबची नाही: एका फलाटावरून दुसऱ्यावर पोचायचं आणि मध्ये पडायचं नाही.

खेळ नव्हता, धडा होता

आता उरलेली अर्धी गोष्ट.

डेंजरस डेव्ह १९८८ साली जॉन रोमेरो नावाच्या विशीतल्या अमेरिकन मुलाने अ‍ॅपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिला. तेव्हा 'अपटाइम' नावाचं एक मासिक निघायचं. ते कागदावर छापलेलं नसायचं, वर्गणीदाराच्या घरी फ्लॉपी यायची. रोमेरोने अ‍ॅपलच्या बेसिक भाषेला जोडायची एक पुरवणी तयार केली होती, 'ग्राबेसिक' नावाची. तिच्याबद्दल त्याने त्या मासिकात लेख लिहिला. लेखासोबत उदाहरण हवं, म्हणून त्याने एक छोटा खेळ करून जोडला. तो खेळ म्हणजे डेव्ह.

पुन्हा वाचा. डेव्ह हा लेखाला जोडलेला नमुना होता. गणिताच्या पुस्तकात रीत सांगून झाल्यावर 'सोडवलेले उदाहरण' देतात ना, तसा. बघा, या साधनाने असं करता येतं, आता तुम्ही करून पाहा, हा त्याचा अर्थ होता.

१९९० साली सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करताना रोमेरोनेच त्याची डॉसवर चालणारी आवृत्ती केली. ती आवृत्ती फ्लॉपीमागून फ्लॉपी कॉपी होत जगभर फिरली आणि आपल्या शाळांत येऊन बसली. येताना काय आलं? एक चालू होणारी फाइल. नाव टाइप करा, एंटर दाबा, खेळा. लेख आला नाही. पुरवणी आली नाही. आतला प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते तर नाहीच नाही. मनमाडकराला हे फोड करून सांगायला नको. नळ दारात असतो, पाणी येईल तेव्हा येतं.

आणि आमच्या शाळांनी या धड्याचं काय केलं? नव्वदच्या दशकातली लॅब आठवा. शाळेचं नाव घेत नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावातली घ्या. दाराबाहेर चपलांची रांग. आत कॉम्प्युटरवर कव्हर, देवावर घालतात तसं. एका यंत्रामागे तीन-चार मुलं. फळ्यावर 'इनपुट डिव्हाइस म्हणजे काय, उदाहरणे द्या'. काही ठिकाणी बेसिक भाषा शिकवायचेही, पण वहीत. दहा, वीस, तीस असे आकडे टाकून प्रोग्रॅम लिहायचा, खाली रेघ मारून उत्तर लिहायचं, सरांची सही घ्यायची. यंत्र शेजारी, कव्हरखाली. आणि कुणी चोरून डेव्ह लावला की कान पिळला जायचा. 'गेम खेळायला येता का? कॉम्प्युटर शिका.'

प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी लिहिलेला नमुना प्रोग्रॅमिंगच्या तासाला गुन्हा ठरला. याहून कडू विनोद मला तरी माहीत नाही.

एखाद्या शिक्षकाला दोष देऊन हे मिटणारं नाही. त्या बिचाऱ्यांनाही तो लेख कुणी दाखवला नव्हता. दोष एका समजुतीचा आहे आणि ती अजून जिवंत आहे: खेळ एका बाजूला, शिकणं दुसऱ्या बाजूला, आणि मधे छडी.

'नक्कल आहे हो सगळी'

डेव्हचं नाव काढलं की दुसरी एक जात पुढे येते. जाणकारांची. 'डेव्ह काय, मारिओची कॉपी.' हे बोलताना चेहऱ्यावर असा भाव की विषय संपला.

विषय इथून सुरू होतो. होय, डेव्ह 'सुपर मारिओ ब्रदर्स' बघून सुचलेला आहे. १९८५चा तो खेळ. पण मारिओ तरी कुठून आला? १९८१ साली निन्टेन्डोने आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रात, 'डाँकी काँग' आणला. त्यातला उड्या मारणारा गडी म्हणजे पुढचा मारिओ. तो खेळ करणाऱ्या शिगेरू मियामोतोला आधी पॉपाय हा कार्टूनवाला खलाशी घ्यायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून पॉपाय, त्याची प्रेयसी आणि धटिंगण या तिघांच्या जागी सुतार, मुलगी आणि गोरिला आले. त्या गोरिलावरून हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओने 'हा तर आमचा किंग काँग' म्हणत निन्टेन्डोवर खटला भरला आणि तो हरला. आणखी मागे जा. १९८०च्या 'स्पेस पॅनिक' या आर्केड खेळात शिड्या आणि मजले आधीच होते, फक्त उडी नव्हती. तो बघून १९८१ साली अ‍ॅपल टूवर 'अ‍ॅपल पॅनिक' आला. शिडी एकाची, उडी दुसऱ्याची, टोपी तिसऱ्याची. मूळ शोधत गेलात तर हाताला पुढची शिडी लागते.

आपल्याकडचंच बघा. पचिशी आपली. तिच्यावरून इंग्रजांनी एक सोपा खेळ बेतला आणि १८९६ साली 'ल्यूडो' म्हणून त्याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांनंतर नवी मुंबईतल्या एका कंपनीने त्याचा 'लुडो किंग' केला, आणि आज पंचवटी एक्सप्रेसमध्ये चौघे पासधारक एका फोनभोवती डोकी जुळवून तो खेळतात. यात चोर कोण आणि साव कोण, सांगा.

चोरी आणि नक्कल यात फरक आहे, आणि तो कायद्यालाही कळतो. दुसऱ्याचं चित्र, संगीत, प्रोग्रॅम उचलून आपलं म्हणून विकणं ही चोरी. उडी मारायची कल्पना पाहून स्वतःच्या यंत्रावर ती उडी स्वतः लिहून काढणं हे शिक्षण आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला पहिल्या दिवशी काय देतात? लोखंडाचा एक तुकडा, व्हाइस आणि कानस. मापाचं ड्रॉइंग समोर असतं आणि तोच 'जॉब' करायचा असतो जो त्याच्या आधीच्या वीस बॅचनी केलाय. एक तुकडा दुसऱ्यात नेमका बसेपर्यंत घासत राहायचं. त्याला कुणी म्हणत नाही की काय रे, कॉपी करतोस. मनमाडमध्ये रेल्वेचा कारखाना आहे, तिथे पुलांचे गर्डर बनतात. ते गर्डर बनवणारे हात असल्याच जॉबवर तयार झालेले आहेत. हाताने करायच्या कामात नक्कल हा पहिला धडा आहे हे या गावाला ठाऊक आहे. मग पडद्यावरच्या कामातच तो गुन्हा कसा?

आर्केडचा खेळ घरगुती कॉम्प्युटरवर आणणं म्हणजे काय असतं, हेही मनमाडइतकं दुसऱ्या गावाला कळणार नाही. निजामाच्या मुलखातून येणारी गाडी मीटर गेजवर इथपर्यंत यायची. पुढे मुंबईची लाइन ब्रॉडगेज. रुळांची रुंदीच वेगळी, त्यामुळे डबे पुढे जायचे नाहीत. मग माल उतरवायचा, पलीकडच्या डब्यात नव्याने रचायचा. नव्वदच्या दशकात औरंगाबादची लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा ही उतरवाउतरव संपली. आर्केडच्या महागड्या यंत्रात चित्र सरकवायला खास वेगळे भाग असत. अ‍ॅपल टूमध्ये त्यातलं काही नव्हतं. प्रत्येक ठिपका प्रोसेसरनेच हलवायचा, आणि तो प्रोसेसर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास ठोके देणारा. म्हणून तोच खेळ जसाच्या तसा आणता यायचाच नाही. सगळा माल उतरवून, काय टाकायचं नि काय ठेवायचं ते ठरवून, नवा डबा भरायचा. नक्कल करणाऱ्याला मूळ करणाऱ्याइतकंच डोकं लागायचं, कधीकधी जास्त.

याचा पुरावाही डेव्हच्याच घरात आहे. १९९०च्या सप्टेंबरमध्ये सॉफ्टडिस्कमधला रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅक याने एक युक्ती शोधली. साध्या पीसीवर मारिओसारखं चित्र सलग सरकत नव्हतं, कारण अख्खा पडदा दरवेळी नव्याने रंगवायला यंत्राला वेळ पुरत नव्हता. कारमॅकने पडद्याचे लहान चौकोन पाडले आणि जो चौकोन खरोखर बदललाय तेवढाच रंगवला. आकाशाचा निळा चौकोन सरकून त्याच्या जागी दुसरा निळाच येणार असेल तर हात लावायची गरज काय? मग टॉम हॉल या मित्राबरोबर रात्रभर बसून त्याने 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली पातळी हुबेहूब पीसीवर उतरवली. मारिओच्या जागी उभा केला डेव्ह. नाव ठेवलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. म्हणजे 'हक्कभंगातला डेव्ह'. नक्कल करतोय हे नावातच लिहून टाकलं होतं.

ती नक्कल विकायला नव्हतीच. नंतर त्यांनी पुढे नेलेला नमुना निन्टेन्डोला दाखवला, आणि निन्टेन्डोने नाही म्हटल्यावर तीच युक्ती वापरून स्वतःचा 'कमांडर कीन' केला. तो डिसेंबर १९९०मध्ये आला. १९९१ साली आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली, १९९३ साली 'डूम' आला. आज तुम्ही बंदूक धरून धावायचे जे खेळ खेळता त्यांचं घराणं तिथे पोचतं. एका रात्रीच्या नकलेतून.

यंत्र तुम्हाला पहिल्यांदा काय विचारतं?

अ‍ॅपल टू सुरू केला की आत फ्लॉपी नसली तरी बेसिक भाषा हाताशी असायची. पडद्यावर एक चमकणारा चौकोन. अर्थ एकच: बोला, काय करू? १९८४ साली भारत सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले होते. तेही तसेच. खटका दाबला की बेसिक हजर. घरी असं यंत्र असलेल्या अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या पोराला प्रोग्रॅमिंग 'शिकायला' कुठे जावं लागत नव्हतं. मासिकात छापलेला दोन पानी खेळ बघून टाइप करायचा, चुकला की शोधायचं, चालला की एक आकडा बदलून बघायचा. उडी उंच होते का? जीव तीनचे तीस होतात का? रोमेरोचा स्वतःचा पहिला खेळही १९८४ साली अशाच एका मासिकात छापून आला. लहानपणी आर्केडमध्ये सापडला म्हणून घरी मार खाल्लेला हा मुलगा. छडी तिकडेही होती. पण तिकडे छडीच्या पलीकडे चमकणारा चौकोनही होता.

आता तुमचा फोन. चार जीबी रॅमचा साधा फोन धरला तरी चौसष्ट केबीच्या अ‍ॅपल टू-ईपेक्षा त्यात ६५,५३६ पट स्मृती आहे. पडदा उजळल्यावर तो काय विचारतो? विचारत नाहीच. तो दाखवतो. रील, जाहिरात, अजून एक रील. काय करू, असं तुम्हाला विचारणारी जागा त्या सगळ्या पसाऱ्यात शोधावी लागते, आणि ती आहे हे तुम्हाला कुणी सांगतही नाही. गावोगावच्या लाखो मुलांकडे कॉम्प्युटर म्हणून आहे तो हाच. आमच्याकडे लेखाविना डेव्ह आला. तुमच्याकडे दरवाजाविना घर आलंय.

आणि मोठी माणसं अजून तेच वाक्य म्हणतात: 'गेम बंद कर, काहीतरी शीक.'

आक्षेप घेणाऱ्यांना

पहिला आक्षेप घरातून येईल. पोरं खेळात वाया गेली, पैसे हरली, त्याचं काय? खरं आहे. पैसे लावायच्या अ‍ॅप्सनी घरं पोखरली, म्हणूनच ऑगस्ट २०२५मध्ये संसदेला कायदा करून ते खेळ बंद करावे लागले. पण त्या कायद्याने निदान एक रेघ ओढली: जुगार वेगळा, खेळ वेगळा. आपल्या घरांत ती रेघ नाही. रम्मीचं अ‍ॅप, पबजी, बुद्धिबळ आणि पोराने स्वतः जुळवलेला चार चौकोनांचा खेळ, सगळ्याला एकच शब्द, 'गेम', आणि एकच शिक्षा. ज्या घरात जुगारी आणि सुतार एकाच काठीने बडवले जातात तिथे सुतार टिकत नाही.

दुसरा आक्षेप: सगळ्यांनीच काय प्रोग्रॅमर व्हायचं? अजिबात नको. 'सहा वर्षांचं मूल अ‍ॅप बनवून कोट्यधीश' छापाच्या जाहिराती मलाही किळसवाण्या वाटतात. नोकरीचं आमिष दाखवून विकलेलं कोडिंग हा वहीतल्या बेसिकचाच महाग अवतार आहे. शाळेत चित्रकला शिकवतो ती सगळे चित्रकार व्हावेत म्हणून नाही. समोरचं चित्र कुणीतरी हाताने काढलंय हे कळावं म्हणून. ज्याने एकदा तरी उडीचा आकडा बदललाय त्याला रील कुणीतरी ठरवून पुढे सरकवतंय हेही कळतं. हे कळणं नागरिकाच्या कामाचं आहे, पगार मिळो न मिळो.

तिसरा आक्षेप आठवणीवाल्यांचा: 'अहो, आम्ही मजा केली, तुम्हाला काय त्रास?' मजेबद्दल काही म्हणणं नाही. पण मजेची आठवण सांगताना आपण पुढच्या पिढीला हे शिकवतो की खेळ हा फक्त खेळण्याचा आणि नंतर आठवण्याचा विषय आहे. कुणीतरी बसून केला, आपणही करू शकतो, हे त्यात येतच नाही. डेव्हवर लिहिलेल्या आठवणींत रोमेरोचं नाव किती वेळा वाचलंत, आठवून पाहा. सिनेमाच्या आठवणीत दिग्दर्शक येतो, गाण्याच्या आठवणीत संगीतकार येतो. खेळ मात्र आभाळातून पडलेला असतो.

मग करायचं काय

मागणी मोठी नाही. आज कुलपं पूर्वीइतकी घट्ट राहिलेली नाहीत. आयडीने डूमचा मूळ प्रोग्रॅम १९९७ साली सगळ्यांना खुला केला. डेव्हच्याच काळात आपल्या लॅबमध्ये पोचलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा अ‍ॅपल टूवरचा मूळ प्रोग्रॅम त्याच्या कर्त्याने, जॉर्डन मेकनरने, २०१२ साली इंटरनेटवर ठेवला. 'गोडो' हे खेळ बनवायचं मोफत साधन आहे, त्याचा एडिटर अँड्रॉइड फोनवरही चालतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ करून जगभर नेला. म्हणजे इथल्या माणसांना जमतं का, हा प्रश्नही निकालात निघालाय. पाणी आता नळापर्यंत आलंय. तोटी कुणी फिरवायची एवढंच बाकी आहे.

म्हणून मनमाडच्या आणि मनमाडसारख्या प्रत्येक गावच्या शाळांकडे, वाचनालयांकडे एवढंच मागणं: आठवड्यातला एक तास असा ठेवा, की ज्यात कॉम्प्युटरवर खेळ लावायला परवानगी असेल आणि तो उघडून बघायची सक्ती असेल. जुना, छोटा, दहा पातळ्यांचा खेळ घ्या. मुलांना म्हणा, याची नक्कल करा. हुबेहूब जमली नाही तर उत्तम, कारण जिथे जमत नाही तिथे डोकं चालायला लागतं. मार्क देऊ नका. वहीत तर मुळीच लिहून घेऊ नका.

आणि तुम्ही, फोनवर हे वाचणारे. शाळा हे कधी करेल याची वाट बघू नका, आम्ही ती बघत बसलो होतो. आज रात्री जो खेळ खेळाल त्यातली एकच गोष्ट निवडा. उडी घ्या. बटण दाबल्यावर तो गडी वर किती जातो, खाली येताना वेग वाढतो का, हवेत असताना दिशा बदलता येते का, हे कागदावर मांडा. मग ती उडी, फक्त ती उडी, स्वतः करून बघा. एक चौकोन, एक रेघ, एक बटण पुरे. दोन-चार रात्री जातील. घरातून आवाज येईल, 'गेम खेळतोयस का?' खरं उत्तर द्या: खेळत नाही, करतोय.